बावन्न घनमीटरांचा उंचवटा

उंचवटा मी मोजायला नको होता, हे आता आमच्या इमारतीतला कुणीही तुम्हाला सांगेल. त्यातले निम्मे लोक मोजणीच्या दिवशी माझं कौतुक करत होते, हे मात्र कुणी सांगणार नाही.

सासऱ्यांची अर्धा एकर जमीन शहराबाहेर सहा वर्षं पडून होती. ते स्वतः धाकट्या मुलाकडे, म्हणजे माझ्या मेव्हण्याकडे राहतात. मेव्हण्याने त्या जमिनीला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला तिथे गोदाम बांधायचं होतं. माझ्या बायकोला मात्र ती जमीन जाऊ द्यायची नव्हती. तिची आई त्याच मातीत राबलेली. आणि ही स्वतः तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अकरा कुंड्यांवर भागवत होती. "मला एकदा तळ नसलेल्या मातीत काहीतरी लावायचंय," असं ती म्हणाली. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो, आणि तरी अंगठा मोकळा राहतो.

सासऱ्यांनी बहीण-भावाला समोर बसवलं आणि निकाल दिला. "मी तीन महिन्यांनी येतो. चौदा तारखेला. जमीन पेरलेली दिसली, तर पोरी, तुझ्या नावावर. पडीक दिसली, तर गिऱ्हाइकाला होकार. मग कुणी तोंड फुगवायचं नाही."

मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. मी बायकोला म्हटलं, "तू अजिबात काळजी करू नकोस. हे माझ्यावर सोड."

ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी जमीन पाहून आलो. अर्ध्या भागात पुरुषभर उंचीची काटेरी झुडपं आणि बरोबर मधोमध एक उंचवटा. चांगला माझ्या छातीएवढा. तो तिथे का होता, कुणी केला होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा जमिनीत कुणी पेरतं का? आधी झुडपं काढायची, मग उंचवटा सपाट करायचा, मग पेरायचं. गणितातसुद्धा आधी कंस सोडवतात. हा क्रम मी बायकोला कागदावर काढून समजावला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण मी तेव्हा तिसऱ्या पायरीवर होतो.

बांधापलीकडचा शेतकरी भला माणूस. सगळे त्याला दादा म्हणतात, तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान असूनही मीही म्हणतो. तो म्हणाला, "गुरुजी, रविवारी माझा ट्रॅक्टर मोकळा आहे. सकाळी फळी लावतो, दुपारपर्यंत सपाट. सोमवारी इथे उंचवटा होता हे कुणाला आठवतंय?"

"आणि परवानगी?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ताप आलेल्या माणसाकडे बघतात. "कसली परवानगी?"

"शेतजमिनीवरची झुडपं काढायला आणि सपाटीकरणाला परवानगी लागते. नियम आहे."

"असेल," दादा म्हणाला. "नियम बरेच आहेत."

नियम आहे म्हटल्यावर मला दुसरा रस्ताच नव्हता. परीक्षेच्या हॉलमध्ये मी स्वतःच्या पुतण्याचा पेपर काढून घेतलेला आहे. त्या घराशी आमचं अजूनही पूर्ववत झालेलं नाही, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

परवानगीचं कार्यालय दुमजली इमारतीच्या मागच्या बाजूला होतं. एक लांब खोली, काचेच्या तीन खिडक्या, त्यातली एक उघडी. भिंतीवर नियमांचा फलक होता आणि त्याच्या खालच्या चार ओळी समोरच्या लोखंडी कपाटामुळे वाचता येत नव्हत्या. मी कपाटामागे मान घालून त्या वाचल्या. रांगेतल्या लोकांनी माझ्यासाठी जागा केली, ती आदराने केली असा माझा समज आहे. खिडकीतल्या बाईंनी अर्जाचा नमुना दिला. सत्तावीस रकाने. मला खरं तर आनंद झाला. शाळेतून निघाल्यापासून कुणी मला काही भरायला दिलं नव्हतं.

अकराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'हलवावयाच्या मातीचे अंदाजे परिमाण.' मुलांच्या वह्यांत 'अंदाजे' दिसलं की मी लाल शाईने 'म्हणजे किती?' असं लिहीत आलो. आता स्वतःच्या अर्जात मी अंदाज लिहायचा?

शनिवारी आम्ही मोजणीला गेलो. आम्ही म्हणजे मी, आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. ते कुठल्याही कामाला येतात, आणि ते काम रजिस्टर पोस्टाने करावं असा सल्ला देऊन परत जातात. बायकोची शिवणाची टेप, सुतळी आणि गॅलरीतली कपडे वाळत घालायची काठी, एवढ्या सामग्रीवर मी उंचवट्याचा घेर, व्यास आणि उंची काढली. गोलखंडाचं सूत्र लावलं. तीनदा पडताळलं. उत्तर आलं बावन्न पूर्णांक दोन घनमीटर. संध्याकाळी पोस्टमास्तरांनी ही बातमी इमारतीत सांगितली आणि तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर मुद्दाम वर येऊन हातात हात घेऊन म्हणाले, "ह्याला म्हणतात काम!" मी नको नको म्हणत सूत्र त्यांनाही दाखवलं.

सोमवारी खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचायला घेतला आणि अकराव्या रकान्याशी त्या थांबल्या.

"काका, हे काय लिहिलंत?"

"बावन्न पूर्णांक दोन."

"अहो, पन्नासच्या आत असलं की मी इथल्या इथे शिक्का मारून देते. पन्नासच्या वर गेलं की पूर्ण प्रकरण होतं. तपासणी, नकाशे, सगळं."

"पण ते बावन्नच आहे."

बाईंनी सुस्कारा सोडला आणि जाडजूड रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "हे बघा. एकोणपन्नास. एकोणपन्नास. एकोणपन्नास. ह्याने अख्खी टेकडी काढली, ती पण एकोणपन्नास. अकरा वर्षं मी ह्या खिडकीत आहे. पन्नासच्या वरची माती मी अजून बघितलेली नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "खोडायची पांढरी शाई देऊ का?"

आता मागे वळून बघताना वाटतं, घ्यायला हवी होती. तीन घनमीटर म्हणजे असं काय होतं? पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर तेहतीस वर्षांचे वर्ग उभे राहिले, शेवटच्या बाकासकट. मी ताठ मानेने म्हणालो, "बाई, उत्तर जे आहे ते आहे."

माझ्या मागची रांग एकदम कण्हली. बाईंनी शिक्का मारला, पण दुसराच.

"बरं, मग मी अर्ज न देताच दादाच्या ट्रॅक्टरने..." असं मी नुसतं पुटपुटलो, तत्त्व बाजूला ठेवून नव्हे, केवळ माहितीसाठी.

"आता नाही," बाई म्हणाल्या. "आता तो उंचवटा कार्यालयाला माहीत झाला."

प्रकरण सुरू झालं. निवृत्तीनंतर मला पहिल्यांदाच घराबाहेर नियमित काम लागलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार खिडकी उघडी असे. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत मारून मी निघायचो आणि दुपारी पाय ओढत परत यायचो. बायको विचारायची, "आज काय झालं?" आणि मी सांगायचो.

सांगण्यासारखं पुष्कळ असायचं. शेतीच्या सपाटीकरणाला सवलत असते, असं मला एका बुधवारी कळलं. सवलत मिळाली असती तर बावन्न काय, पाचशे घनमीटर चाललं असतं. फक्त जमीन शेतीखाली हवी. आमची जमीन सहा वर्षं पडीक, म्हणून ती शेतीखाली नाही. शेतीखाली आणायची तर आधी झुडपं काढून सपाट करायला हवी. सपाट करायची तर आधी शेतीखाली हवी. मी हे बाईंना फळ्यावर समजावल्यासारखं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, असंच आहे." चूक पटली तरी उत्तर बदलत नाही, असा विद्यार्थी मला पूर्वी भेटला नव्हता.

मग शेजारच्या जमीनमालकांची ना-हरकत आणायची होती. पूर्वेला दादा. त्याने उभ्या उभ्या सही केली आणि वर म्हणाला, "गुरुजी, रविवार अजून मोकळा आहे." दक्षिणेला रस्ता होता, त्याला कुणी मालक मानत नव्हतं. पश्चिमेची रिकामी जागा मात्र त्या कार्यालयाचीच निघाली. म्हणजे कार्यालयाला हवी असलेली ना-हरकत कार्यालयानेच द्यायची होती. मी खूश झालो. कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचे साहेब चष्मा काढून म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही."

"मग तसं लिहून द्या ना."

"लिहून द्यायचे अधिकार आम्हाला नाहीत."

"मग हरकत आहे असं लिहून द्या."

"हरकतच नाही, तर तसं कसं लिहिणार?" ते म्हणाले आणि त्यांनी मला चहा पाजला. चहा चांगला होता, हे मान्य करायला हवं.

इमारतीतून सल्ले येतच होते. पोस्टमास्तरांनी साहेबांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवायला लावलं. साहेब माझ्यापासून दोन हातांवर बसलेले असताना ते पत्र त्यांच्या टेबलावर येऊन पडलं, आणि पत्रव्यवहार सुरू झाला म्हणून तोंडी बोलणं बंद झालं. दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की उंचवटा दोन भागांत काढावा, अर्धा आत्ता आणि अर्धा सहा महिन्यांनी. ते सगळंच तसं करतात. मेव्हण्याचा फोन दर रविवारी यायचा. "भाऊजी, कुठवर आलं? नाही, सहज विचारलं. गिऱ्हाईक थांबलंय म्हणून." त्याचा आवाज इतका गोड असायचा की फोन ठेवल्यावर मी पाणी प्यायचो.

बायको मात्र काहीच बोलत नसे. मंगळवारी आणि गुरुवारी ती जुन्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणींकडे जाते म्हणून सांगायची. परत आली की दमलेली असायची, पण चेहरा तजेलदार दिसायचा. एकदा तिच्या चपलांना ओली माती होती आणि मी तिला म्हणालो, "हॉस्पिटलवाल्यांनी आवार जरा स्वच्छ ठेवावं." ती म्हणाली, "सांगते त्यांना." मला तेव्हा उंचवट्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

महिना उलटल्यावर एकदाचा निरीक्षक तपासणीला आला. तरुण, गंभीर, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. मी त्याला माझी आकडेमोड दाखवली. त्याने स्वतःच्या यंत्राने मोजलं आणि म्हणाला, "बावन्न पूर्णांक दोन. कमाल आहे." त्या दिवसापुरतं माझं सगळं दुःख पळालं.

मग त्याने उंचवट्याकडे बोट दाखवलं. उंचवट्यावर ओळीने लहान लहान काटक्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काटकीला पांढऱ्या जाळीदार कापडाची फीत बांधलेली होती. खालच्या मोकळ्या पट्टीतही तशाच दोन रांगा होत्या.

"ह्या खुणा कुणाच्या?"

"तुमच्याच असणार," मी म्हणालो.

"आमच्या लाल असतात."

"मग पाटबंधारे खात्याच्या असतील. त्यांचं कुणी येऊन गेलं असेल."

त्याला ते पटलं. त्याने अहवालात लिहिलं, 'इतर खात्याच्या खुणा. हात लावू नये.' दादा बांधावर उभा होता. त्याला अचानक खोकल्याची मोठी उबळ आली आणि तो पाठ फिरवून विहिरीकडे गेला. मी स्वतः पाय जपून टाकत होतो, आणि निरीक्षकाचा बूट एका खुणेवर पडणार होता तर मी त्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. सरकारी खूण मोडण्याचं बालंट मला नको होतं.

दुर्दैव पुढेच होतं. झुडपांच्या टोकाला निरीक्षकाला कुठल्याशा पक्ष्याचं घरटं सापडलं, आत तीन अंडी. नियमाप्रमाणे पिल्लं उडून जाईपर्यंत झुडपांना हात लावायचा नाही. "चार-पाच आठवडे धरा," तो म्हणाला. "तोवर इथे वर्दळ नको." मी शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून मी त्या जमिनीकडे फिरकलोसुद्धा नाही. पक्ष्याने मात्र घाई केली नाही. आठ आठवडे झाले तरी निरीक्षकाच्या नोंदीत पिल्लं घरट्यातच होती, कारण बघायला जायला त्याची गाडी दुरुस्तीला गेली होती.

आणि चौदा तारीख चार दिवसांवर आली.

त्या दुपारी मी कार्यालयातून घरी आलो आणि फाईल टेबलावर ठेवली. तीनशे अठरा पानं. परवानगी नाही, झुडपं तशीच, उंचवटा तसाच. मी बायकोला समोर बसवलं. मी म्हणालो, "अगं, मला जमलं नाही. तू एकच गोष्ट मागितलीस आणि ती मी घालवली. तीन घनमीटरांसाठी घालवली."

मला वाटलं ती रडेल. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "चौदा तारखेला शर्ट कोणता घालणार आहात?"

धक्का बसलेली माणसं असं काहीतरी बोलतात, असं मी मनाशी धरलं.

चौदाला सकाळी मेव्हण्याच्या गाडीतून सगळे निघालो. पुढे सासरे, काठी दोन्ही पायांमध्ये धरून. मेव्हणा शीळ घालत होता. मी मागे बसून माफीची वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य होतं, 'बाबा, दोष पूर्णपणे माझा आहे,' आणि दुसऱ्यात तो थोडा कार्यालयाकडे सरकत होता.

गाडी बांधाशी थांबली. मी खाली उतरलो आणि मला आधी वाटलं, आपण चुकीच्या जमिनीवर आलो. झुडपं तीच होती, उंचवटाही तोच. पण उंचवटा हिरवागार झाला होता. भोपळ्याचे वेल वरून खाली चारी बाजूंना पसरले होते, ताटाएवढी पानं, पिवळी फुलं, आणि पानांआड नारळाएवढे भोपळे. खालच्या पट्टीत घेवडा कमरेपर्यंत आलेला. आणि वेलांच्या मुळाशी त्या काटक्या, पांढऱ्या फितींसकट. मी वाकून एक फीत बोटांत धरली. ते हॉस्पिटलातलं पट्टीचं कापड होतं. तीस वर्षं हेच कापड आमच्या घरात दुधाच्या भांड्यावर, दिव्याच्या वायरीवर आणि माझ्या अंगठ्यावर बांधलेलं मी पाहत आलो होतो.

दादा बांधावरून ओरडला, "बाबा, ताईंनी सगळं एकटीने केलंय हो! मी फक्त पाणी दिलं!"

मेव्हण्याची शीळ थांबली होती. तो म्हणाला, "ही काय पेरणी झाली? अर्धी झुडपं तशीच. जमीनसुद्धा सपाट केलेली नाही. ताई, ह्याला काय शेती म्हणायचं?"

सासरे काठी टेकत उंचवट्यापाशी गेले. एक पान उलटं करून त्यांनी बघितलं. भोपळ्यावर टिचकी मारली. मग ते मुलाकडे वळून म्हणाले, "मी पेरा म्हटलं होतं. सपाट करा असं कोण म्हणालं होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पोरी," सासरे बायकोला म्हणाले, "कागद कधी करायचे ते सांग. मी मोकळाच आहे." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तेव्हा रडली. मीही जरा बाजूला जाऊन झुडपांची पाहणी केली.

येताना आम्ही दोघं बसने आलो. तिच्या मांडीवर एक भोपळा होता. मी मनात हिशेब करत होतो. तीन महिने, तीनशे अठरा पानं, आणि गरज मुळात कशाचीच नव्हती. शेवटी मी विचारलं, "तुला हे कधीपासून माहीत होतं? सपाट करायची गरज नाही म्हणून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही कागदावर काढून दाखवत होतात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "शाळा सुटल्यापासून चार महिने तुम्ही दुपारी बारापर्यंत गॅलरीत बसून राहायचात. दाढीसुद्धा करायचा नाहीत. मला भीती वाटायला लागली होती." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पहिल्यांदाच सकाळी उठून, कपडे करून, कुठेतरी जायला निघालात. तुम्हाला कसं थांबवणार होते?"

मी तिच्या मांडीवरचा भोपळा माझ्याकडे घेतला, जड होता म्हणून.

दोन थांबे गेल्यावर मी म्हणालो, "उद्या जाऊन अर्ज मागे घेऊन टाकतो."

"नुसतं सांगून मागे घेता येतो?"

"छे! त्याला वेगळा अर्ज करावा लागतो. कारणं जोडायची, मूळ प्रकरणाची नक्कल जोडायची. शिवाय निरीक्षकाचा अभिप्राय, आणि त्याची तर गाडीच बंद आहे. दोन महिने कुठेच गेले नाहीत."

"मग घाई कशाला करताय?" ती म्हणाली. "सावकाश होऊ दे. घरी गेल्यावर शर्ट काढून ठेवा, इस्त्री करून देते."